लाईट गेल्यावर गॅलेरा क्लस्टरचे तिन्ही नोड बंद, एकही वर येईना

अक्कलकोटरोड
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ईआरपीसाठी तीन नोडचा, म्हणजे तोच डेटा ठेवणाऱ्या तीन सर्व्हरचा, मारियाडीबी गॅलेरा डेटाबेस क्लस्टर आहे. मारियाडीबी १०.६, उबुंटू २२.०४, डेटा साधारण ६० जीबी. तिन्ही मशीन एकाच रॅकमध्ये, एकाच ५ केव्हीए यूपीएसवर. पुढे एचएप्रॉक्सी (जोडण्या योग्य नोडकडे वळवणारा प्रोग्राम) आहे, लिहिणं फक्त नोड १ वर जातं.

रात्री लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि मशीन तशीच बंद पडली. सकाळी सर्व्हिस सुरू करायला गेलं की तिन्हीकडे "फेल्ड टू रीच प्रायमरी व्ह्यू: ११०" येऊन ती थांबते. नोड १ वर गॅलेरा_न्यू_क्लस्टर चालवलं, तर इथून बूटस्ट्रॅप करणं (पहिला नोड म्हणून क्लस्टर नव्याने सुरू करणं) सुरक्षित नसेल असं सांगून नकार मिळतो. ग्रास्टेट.डॅट फाइलमध्ये तिन्हीकडे सीक्नो (शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक) उणे १ आणि सेफ_टू_बूटस्ट्रॅप ० आहे.

बाकी कॉन्फिग: इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट = २, एसएसटी (नोडला पूर्ण डेटाची कॉपी देणं) मारियाबॅकअपने, जीकॅशची (अलीकडच्या व्यवहारांच्या साठ्याची) साइज मूळचीच.

कुठला नोड आधी उठवायचा हे कसं ठरवायचं? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? आणि तिसरा नोड नवी पेठेतल्या ऑफिसात नेला तर फायदा होईल का?

भुईकोट
डिस्पॅचची चलनं अडलेली असणार आणि सगळे मागे लागलेले असणार, तरी पहिलं काम कॉपीचं. तिन्हीकडे सर्व्हिस थांबवा आणि प्रत्येक नोडची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. पुढे एसएसटीची वेळ आली तर येणाऱ्या नोडचा जुना डेटा पुसला जातो. चुकीचा नोड आधी उठवला आणि कॉपी नसेल, तर बरोबर असलेला डेटाही त्यात जातो.

सीक्नो उणे १ म्हणजे डेटा खराब झाला असं नव्हे. नोड नीट बंद झाला नाही, म्हणून आकडा फाइलमध्ये लिहायचा राहिला. खरा आकडा इनोडीबीच्या (डेटा साठवणाऱ्या इंजिनच्या) आत असतो. तो काढायला प्रत्येक नोडवर मायएसक्यूएलडी हा प्रोग्राम डब्ल्यूएसरेप-रिकव्हर हा पर्याय देऊन चालवा, युझर मायएसक्यूएल ठेवून. रूटने चालवलात तर काही फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात आणि नंतर सर्व्हिस परवानगीवरून अडते. लॉगमध्ये "रिकव्हर्ड पोझिशन" अशी ओळ येईल. त्यात आधी लांबलचक यूयूआयडी (क्लस्टरची ओळख), मग कोलन (:), मग आकडा.

यूयूआयडी तिन्हीकडे तोच हवा. वेगळा दिसला तर पुढे काही न करता इथे लिहा. तोच असेल तर ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तो नोड पहिला. फक्त त्याच्याच ग्रास्टेट.डॅट मध्ये सेफ_टू_बूटस्ट्रॅप १ करा आणि तिथेच गॅलेरा_न्यू_क्लस्टर चालवा. क्लस्टर स्टेटस "प्रायमरी" आणि क्लस्टर साइज १ दिसली की दुसऱ्या नोडवर साधं सिस्टमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी. तो "सिंक्ड" झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. दोन्ही एकदम उठवले आणि दोघांनाही पूर्ण कॉपी लागली, तर देणारा एकच आणि मागणारे दोन, असा घोळ होतो.

अक्कलकोटरोड
कॉपी झाली. यूयूआयडी तिन्हीकडे तोच. नोड १ आणि २ चा आकडा ८८१४२०७, नोड ३ चा ८८१४१९०. मग नोड ३ वरचे १७ व्यवहार गेले का?

भुईकोट
नाही. ते १ आणि २ वर आहेत, नोड ३ ला ते तिथून मिळतील. व्यवहार कमिट होताना सगळ्या नोडवर पोचतो आणि तपासला जातो, पण टेबलात उतरवण्याचं काम प्रत्येक नोड आपापल्या रांगेतून करतो. तुमच्याकडे फ्लश २ वर आहे, त्यामुळेही थोडा फरक पडू शकतो. १ आणि २ पैकी ज्याची डिस्क स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्क तपासणारी कमांड) निर्दोष दिसेल तो घ्या.

तपासायचं ते वेगळंच. फ्लश २ असताना लॉग डिस्कवर साधारण दर सेकंदाला पक्का होतो. लाईट एकदम गेली की शेवटच्या सेकंदाचे व्यवहार तिन्हीकडूनही जाऊ शकतात आणि मग ते कुठल्याच नोडवर सापडणार नाहीत. म्हणून ईआरपी उघडण्याआधी शेवटचा ई-वे बिल नंबर सरकारी पोर्टलवरच्या यादीशी आणि शेवटची चलनं छापील प्रतींशी जुळवा. पोर्टलवर आहे आणि ईआरपीत नाही अशी नोंद सापडली, तर ती हाताने भरा, मगच नवीन नंबर पडू द्या. तिन्ही नोड एका यूपीएसवर आहेत तोवर फ्लश १ च ठेवा. लिहिणं थोडं मंद होईल, ते सोसा.

जुळेसोलापूर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. बहुमताचा हिशोब एक नोड गेला तर दोघांनी सांभाळायचं असा आहे. तिघांचा वीजपुरवठा एकच असेल तर विजेच्या बाबतीत तुमच्याकडे एकच नोड आहे असं समजा. निदान एक मशीन वेगळ्या यूपीएसवर आणि जमलं तर वेगळ्या फेजवर टाका.

आधी नेटवर्क स्विच बघा. तो बहुतेक ठिकाणी यूपीएसऐवजी भिंतीवरच्या साध्या प्लगवर असतो. मग लाईट जाताच पहिला तोच बंद पडतो. सर्व्हर चालू असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. काही सेकंदांत प्रत्येक जण तिघांत एकटा उरतो आणि तिन्ही नॉन-प्रायमरी होतात, म्हणजे बहुमत नसल्याने काम नाकारतात. बॅटरी भरलेली असूनही ईआरपीला १०४७ ही एरर येते.

यूपीएसला यूएसबी केबल लावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरी निम्म्यावर आली की आधी नोड ३ मधला मारियाडीबी नीट बंद, मग २, शेवटी १. नीट बंद होताना शेवटच्या नोडवर सेफ_टू_बूटस्ट्रॅप आपोआप १ होतं, म्हणजे सकाळी आकडे शोधत बसावं लागत नाही. पण गॅलेरा_न्यू_क्लस्टर ही कमांड बूट स्क्रिप्टमध्ये कधीही टाकू नका. भर दिवसा नोड १ एकटाच रीबूट झाला, तर २ आणि ३ चालू असताना तो स्वतःचा वेगळा क्लस्टर उघडायला जाईल. तसं झालं तर डेटाच्या दोन वाटा होतात आणि त्या नंतर जुळवणं फार जड जातं.

११० एररचं कारण: सगळे अचानक बंद पडले असतील तर गॅलेरा जुने सोबती आठवून स्वतःच क्लस्टर जुळवू शकतो, पण त्यासाठी सगळे ठरलेल्या वेळात एकमेकांना दिसावे लागतात. ती वेळ मुळात ३० सेकंद असते. एखाद्या मशीनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग नसेल, तर बाकीचे वाट बघून थांबतात. तिन्ही बायोस तपासा.

यूपीएस लूमच्या शेडलगत असेल तर आत हलवा. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं आणि दर १० अंश वाढीला ते साधारण निम्मं होतं. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. त्यात टॉवेलची रुई पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. जाळी दर आठवड्याला साफ करा आणि बॅटरीवर खरंच किती मिनिटं मिळतात ते लोड देऊन मोजा.

भुईकोट
नवी पेठेबद्दल: पूर्ण नोड तिकडे नेऊ नका. प्रत्येक कमिटला ब्रॉडबँडवरून जाऊन येण्याची वेळ लागेल आणि लाईन अडखळली की कारखान्यातलं लिहिणंही अडेल. शिवाय कारखान्यातले दोन्ही नोड गेले तर नवी पेठेतला तिघांत एकटा, म्हणजे नॉन-प्रायमरीच. आपण होऊन तो काम सुरू करणार नाही.

त्यापेक्षा तिन्ही नोड कारखान्यात आणि ऑफिसात एक साधी असिंक्रोनस रेप्लिका (कमिटला न थांबवता मागून डेटा घेणारी प्रत). त्यासाठी नोडवर बायनरी लॉग आणि लॉग_स्लेव्ह_अपडेट्स चालू हवं, रेप्लिकेशन जीटीआयडीवर (प्रत्येक व्यवहाराच्या ओळख-क्रमांकावर). रिपोर्ट आणि बॅकअपही तिथूनच घ्या.

जीकॅशही वाढवा. मूळ साइज १२८ एमबी असते. रेप्लिकेटेड बाइट्स आणि रिसीव्ह्ड बाइट्स यांची बेरीज तासाच्या अंतराने दोनदा घ्या. फरक ३०० एमबी आला, तर १२८ एमबी जेमतेम २५ मिनिटं पुरेल. २ जीबी ठेवलीत तर साडेसहा तास बंद असलेला नोडही नुसत्या राहिलेल्या व्यवहारांवर जुळतो. जीकॅश.रिकव्हर = यस आहे ना तेही बघा. नाहीतर अचानक बंद पडल्यावर तो साठा कामाचा राहत नाही.

अक्कलकोटरोड
नोड १ प्रायमरी, नोड २ सिंक्ड. ई-वे बिलं जुळली. नोड ३ एसएसटीत अडकला आहे, लॉगमध्ये डोनरकडून (डेटा देणाऱ्या नोडकडून) पहिला डेटा येण्याआधी टाइमआउट एवढंच दिसतं.

जुळेसोलापूर
नोड ३ चा लॉग इथे उपयोगाचा नाही. डोनर कुठला ते बघा आणि त्याच्या डेटा डिरेक्टरीतली मारियाबॅकअप.बॅकअप.लॉग उघडा. "अ‍ॅक्सेस डिनाइड" असेल तर डब्ल्यूएसरेप_एसएसटी_ऑथ मधला पासवर्ड त्या नोडवर जुना राहिलाय. त्या युझरला रीलोड, प्रोसेस, लॉक टेबल्स आणि बिनलॉग मॉनिटर एवढे हक्क लागतात. लॉग रिकामाच असेल तर सोकॅट (डेटा पाठवणारं) पॅकेज दोन्हीकडे आहे का आणि यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये पोर्ट ४४४४ उघडं आहे का ते तपासा. ४५६७ उघडं असलं की नोड क्लस्टरमध्ये दिसतो, त्यामुळे ४४४४ कडे लक्ष जात नाही. ४५६८ ही उघडा, राहिलेले व्यवहार त्यावरून येतात.

दुरुस्तीनंतर नोड ३ थांबवून पुन्हा सुरू करा. गिगाबिट नेटवर्कवर ६० जीबी जायला दहा मिनिटं तरी लागतात, वर तयारीचा वेळ वेगळा. तेवढ्यात सिस्टमडीचा (उबुंटूत सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) टाइमआउट आड येणार नाही हे बघा. नोड सिंक्ड झाला की मगच एचएप्रॉक्सीत घ्या.