भरीत पार्टीत निघालेला विषय: आवडता जुना रॅप ग्रुप समोर पाहिला तेव्हा

गेल्या थंडीत यावलजवळच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी भाजत होती, तेवढ्यात एकाने फोनवर वू-टँग क्लॅन हा अमेरिकन रॅप ग्रुप लावला. आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले, पण चौघांना निम्मे शब्द पाठ! मग विषय निघाला, की यांच्यापैकी किंवा यांच्यासारख्या कुणाला प्रत्यक्ष कोणी पाहिलंय का. तर मंडळी, लिहा. अहिराणीत लिहिलं तरी चालेल. सुरुवात मी करतो.

भुसावळकर

1999 साली होस्टेलवर रूममेटकडे त्यांच्या पहिल्या अल्बमची कॉपी केलेली कॅसेट होती. अल्बम 1993 चा, म्हणजे आमच्यापर्यंत यायला सहा वर्षं लागली, आणि दुसऱ्या बाजूला निम्म्यात गझला सुरू व्हायच्या. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड आणि ब्रुकलिनची नऊ पोरं, प्रत्येकाचा आवाज निराळा. दिवा बंद करून 'आता कोण?' ओळखायचं, हरणाऱ्याने चहा पाजायचा.

जुलै 2025 मध्ये कंपनीच्या कामाने न्यू जर्सीत होतो. त्यांचा निरोपाचा दौरा चालू होता, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रम गाठला. तिकीट केवढ्याला पडलं ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. सगळी दाढी पिकलेली माणसं दोन्ही हातांची बोटं जुळवून 'डब्ल्यू' करून उभी होती. शेजारचा टकलू प्रत्येक ओळ माझ्याच कानात ओरडत होता.

त्या नऊ जणांतला ओल डर्टी बास्टर्ड 2004 मध्ये गेला, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. त्याच्या ओळी आता त्याचा मुलगा म्हणतो. मी डोळे मिटून 'आता कोण?' खेळलो. हरलो. काय सांगू भो, माले रडूच उनं.

अमळनेरचे नाना

हा माझा आवडता ग्रुप नाही, तेव्हा नियम मोडतोय. लेक फिलाडेल्फियाला असते. जावई ऐन वेळी तापाने पडले आणि त्यांचं तिकीट माझ्या गळ्यात आलं. वरचे भाऊ लिहितात त्याच दौऱ्याचा फिलाडेल्फियाचा कार्यक्रम. माझं वय 68. कानात कापूस घालून गेलो. खान्देशी माणसाला कापसाची काय वाण!

पहिली पंधरा मिनिटं लेकीला एकच विचारत होतो, "या लोके भांडी राह्यनात का गाई राह्यनात?" (भांडताहेत की गाताहेत?) मग लक्ष दमाकडे गेलं. आमच्या वडिलांचा वहीचा, म्हणजे खान्देशी लोकगाण्यांचा, फड होता. डफावर एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि गाणाऱ्याचा श्वास तुटायच्या आत मागच्याने शेवटचा शब्द धरायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. वडील म्हणत, आवाज कुणालाही असतो, झील धरणारा मिळत नाही. इथेही तेच. पन्नाशी ओलांडलेली माणसं, एवढे शब्द एका दमात कुठून म्हणणार? ज्याची पाळी नाही तो शांत उभा नसे. ओळीचं शेपूट अलगद उचलायचा, पुढच्याला श्वास द्यायचा. लेकीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "नाना, तुम्ही कापूस कधी काढला?"

शब्द एकही कळला नाही. काही शिव्या कळल्या, त्या लेकीने कळल्या नाहीत असं दाखवलं.

धुळ्याची, सध्या पुण्यात

लंडनला शिकत होते तेव्हा पब्लिक एनिमी हा अमेरिकन रॅप ग्रुप पाहिला. गर्दीत साडेपाच फुटांच्या आतली मी एकटीच असावी, त्यामुळे त्यांचा मुख्य रॅपर चक डी मला बहुतेक आवाजापुरताच भेटला. तो आवाज मात्र सभेतल्या वक्त्यासारखा. माइक गेला असता तरी मागच्या भिंतीपर्यंत पोचला असता. त्याचा जोडीदार फ्लेव्हर फ्लेव्हच्या गळ्यातलं घड्याळ उड्यांमुळे मधूनमधून दिसायचं. बाजूला लष्करी वेशातले दोघं कवायत करत होते, मला थेट आमच्या कॉलेजची एनसीसी आठवली. बाकी तपशील विसरले. पाय दोन दिवस दुखत होते.

चाळीसगाव

माझा ग्रुप रन-डीएमसी. त्यांचा डीजे जॅम मास्टर जे याला ऑक्टोबर 2002 मध्ये स्टुडिओत गोळ्या घातल्या आणि उरलेल्या दोघांनी ग्रुप बंद केला. तेव्हा मी दहावीत. माझ्याकडे लिहायला एवढंच आहे.

धडगावचा

परदेश नाही, मुंबई. 'स्वदेशी' नावाचा रॅप ग्रुप. 2013 पासूनचे आहेत, म्हणजे आपल्याकडे जुनेच धरा.

माझी बोली पावरी. मराठी शाळेने दिली, गुजराती बाजाराने. यांच्याकडे हिंदी, मराठी, गुजराती एकाच गाण्यात. 2019 मध्ये मुंबईतल्या आरेच्या जंगलावरचं त्यांचं वारलींचं गाणं आलं, त्यात तिथलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जंगल, जमीन, खात्याची माणसं दारात येणं... हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी त्यांना पाहायला गेलो. त्यांचा रॅपर 'तोडफोड' गुजरातीत सुरू झाला की आसपासची पोरं नुसती मान हलवायची, आणि शब्दांवर हसणारा मी एकटा. लोक माझ्याकडे बघायला लागले.

मार्च 2022 मध्ये तो गेला, फक्त 24 वर्षांचा. त्यानंतर पुन्हा एकदा गेलो. त्यांचाच अमरावतीचा रॅपर 100 आरबीएच होता. त्याची मराठी पुण्या-मुंबईची नाही, म्हणून जास्त जवळची वाटते. कार्यक्रम झकास झाला. पण हसायची जागा नव्हती.

परतताना शहाद्याहून धडगावची शेवटची एसटी मिळाली. घाटात रेंज जाते. तोडफोडच्या आठवत होत्या तेवढ्या ओळी मी पुटपुटत होतो. कंडक्टर मागे येऊन बसले. "कोणती भाषा रे?" म्हटलं, गुजराती. "मग मोठ्याने म्हण की. अजून तासभर घाट आहे."