अजंठ्याच्या बुद्धाचं प्रमाण चुकलंय असं म्हटलं की लोक चिडतात, तरी म्हणतोच

लेणीवारी:
परवा अजंठ्याला 26 नंबरच्या लेण्यात अर्धा तास बसलो होतो. डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचा आडवा बुद्ध, साधारण 7 मीटर लांब, खाली रडणारे शिष्य त्याच्यापुढे एवढेएवढेसे. पण खांदे बघा केवढे, हात लांबलचक आणि दंडाला एक स्नायू नाही, नळी आहे नुसती. सगळे शैली शैली करतात, मला वाटतं त्यांना शरीर जमतच नव्हतं. ग्रीकांना जमलं, आपल्याला नाही.

मातीचा_माणूस:
अर्धा तास बसलास पण मान वळवली नाहीस. त्याच भिंतीवर माराचा, म्हणजे बुद्धाला ध्यानातून ढळवू पाहणाऱ्याचा प्रसंग आहे, माराच्या मुली नाचतायत, कंबर एकीकडे गुडघा दुसरीकडे. त्याच लेण्यातलं काम ना? ज्यांना ती कंबर जमली त्यांना दंड जमला नाही होय! बुद्धाला स्नायू नकोच होते रे. आणि ग्रीकांचं म्हणशील तर गांधारचे, म्हणजे पेशावरकडचे बुद्ध बघ, वस्त्राच्या चुण्या अगदी तिकडच्या, पण कितीतरी मूर्ती डोकं मोठं नि पाय आखूड, बुटबैंगण.

लेणीवारी:
बरं, मुली मान्य. पण मग मूर्तीच्या मापांच्या नियमाच्या नावावर काहीही खपवायचं का, नवताल म्हणे, म्हणजे मूर्तीची उंची 9 ताल, एका तालाची 12 अंगुळं, एकूण 108 अंगुळं, माणूस कधी अंगुळांनी मोजतात का.

उगाचच:
ते अंगुळ तुझ्या बोटाचं नाही हो, मूर्तीच्याच उंचीतून काढतात. मूर्ती वीतभर असो नाहीतर कान्हेरीच्या 3 नंबरमधल्या बुद्धासारखी दोन मजली, हिशोब तोच.

गणिताचे_मास्तर:
मजा वेगळीच आहे. दीघनिकायात, म्हणजे बौद्धांच्या पाली ग्रंथात, महापुरुषाची (बुद्धाचीही) 32 शरीरलक्षणं दिलीत. एक म्हणतं, न वाकता तळहात गुडघ्याला लागतात. दुसरं म्हणतं, उंची जेवढी तेवढाच हात पसरल्यावरचा पल्ला, वडाच्या झाडासारखा. आता उंची 100 धरा, खांदा 82 वर, गुडघा 28 वर, म्हणजे एक हात 54 चा. दोन हातांचेच 108 झाले, छाती अजून धरलीच नाही! दोन्ही लक्षणं एका देहात बसतच नाहीत, मग बिचाऱ्या शिल्पकाराने करायचं काय?

मातीचा_माणूस:
दुमडायचे हात! अभयमुद्रा, ध्यानमुद्रा, कोपरात वाकवला की कोण मोजतंय. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात बारा सीझन काढलेत, गिऱ्हाइकाला सोंड मोदकापर्यंत पाहिजे आणि पोट पण भरपूर पाहिजे, आम्ही सोंडेला एक वळसा जास्त देतो, गिऱ्हाईक खूश.

लेणीवारी:
मास्तर, हे भारीय. हातांचं मागे घेतो. खांद्यांचं नाही घेणार, झोपलेल्या माणसाचा वरचा खांदा असा ताठ राहतच नाही, घरी कुशीवर पडून बघा.

उगाचच:
उशी बघितलीस का पण? डोक्याच्या भाराने दबलीय ती.

लेणीवारी:
थांब, फोटो झूम करतो. हो रे, दबलीय खरी. मग खांदा का नाही सैल सोडला xxx ने, आता तर अजूनच कळेना.