विषय: राजाच्या माणसाच्या तोंडावर दार का आपटतात?

मंडळी, नमस्कार.

जरा मदत हवी आहे. आमची नात आठ वर्षांची. तिचे प्रश्न आजवर युनिकॉर्नच्या पुढे गेले नव्हते. परवा शाळेत ब्रिटिश संसदेच्या अधिवेशनाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ दाखवला आणि तेव्हापासून घरात राज्यशास्त्राचा तास सुरू आहे. राजाचा निरोप घेऊन ‘ब्लॅक रॉड’ नावाचा संसदेतला अधिकारी कॉमन्सच्या, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या, दाराशी येतो, ते दार त्याच्या तोंडावर धाडकन लावतात. काठीने तीनदा ठोठावल्यावरच उघडतात. “आबा, यांना शिक्षा नाही होत?”

मी १६४२ सांगितलं. राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला सैनिक घेऊन कॉमन्समध्ये आला, पण ते आधीच सटकले होते. त्याचीच आठवण म्हणून दार लावतात. १६४९मध्ये त्याचं डोकं उडवलं हे मी गाळलं, ते सूनबाईंनी सांगून टाकलं!

खरी पंचाईत पुढे झाली. उद्घाटनाच्या भाषणात राजा ‘माझं सरकार’ म्हणतो, भाषण मात्र मंत्रिमंडळाने लिहिलेलं. कायद्याला त्याची संमती लागते, पण ती शेवटची नाकारली गेली १७०८मध्ये, अ‍ॅन राणीच्या काळात. यावर नात म्हणते, “तीनशे वर्षं कुणी नाही म्हटलंच नाही, तर विचारतात कशाला?”

आपल्या इतिहासातलं काही सुचवा.
— आबा

---

आबा, अहो साताऱ्याचंच सांगा की! छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात. पण पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. ती आल्याशिवाय पेशवा कसला? विचारतात ते यासाठी.
— माहेरची सातारकर

---

ताई, उदाहरण छान, पण अर्धंच लागू. इथे राजाला संसदेने आवरलं. साताऱ्यात शाहू महाराज १७४९मध्ये गेल्यावर सत्ता एका घराण्याकडे गेली आणि तीही वंशपरंपरेने. रयतेला कुणी काही विचारलं नाही. वस्त्रं देणाऱ्याला नाही म्हणायची सोय होती का, हे नातीला विचारू द्या.

त्यापेक्षा सातारा जिल्ह्यातलं औंध संस्थान सांगा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९मध्ये आपणहून राज्यघटना दिली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. मसुद्यात गांधीजींनी लक्ष घातलं होतं. संस्थान अवघ्या ७२ गावांचं, पण दारावर कुणी ठोठवायच्या आधीच राजाने ते उघडलं. बाकी आपल्याला हे राजे फक्त सूर्यनमस्कारांसाठी आठवतात.
— आपला, गप्प न बसणारा

---

मंडळी, आभार.

रात्री जेवणानंतर टेबलावर दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती दहा पेन्सची दोन नाणी घेऊन खेळत होती. एलिझाबेथ राणीचं तोंड उजवीकडे, आताच्या राजाचं, तिसऱ्या चार्ल्सचं, डावीकडे. शेजारी ठेवली की माय-लेक समोरासमोर. सातारा ऐकून म्हणाली, “म्हणजे पेशवाच राजा, फक्त पर्मिशन दुसऱ्याची.” औंध ऐकून मात्र बराच वेळ गप्प. मग विचारलं, “त्या राजाने पुढे काय केलं? त्याला कंटाळा नाही आला?”

मी चित्रांचं सांगितलं. राजे स्वतः चित्रकार, त्यांनी जमवलेला संग्रह औंधला अजून आहे. आता तिला तो बघायचाच आहे. डिसेंबरात साताऱ्याला जातोच आहोत. औंधचं ते भवानी संग्रहालय आठवड्यातून कुठल्या दिवशी बंद असतं, कुणाला ठाऊक आहे का?
— आबा