फॅन्टसी एफ-वन: तुमच्या लीगचे अनुभव लिहा

शेवटची_रांग
काल भाच्याचा फोन आला. कॉलेजच्या ग्रुपात फॅन्टसी लीग लावली आहे (आपण ड्रायव्हर निवडायचे, खऱ्या शर्यतीत ते जसे धावतील तसे आपल्याला गुण), खेळातल्या १० कोटी डॉलरमध्ये पाच ड्रायव्हर आणि दोन टीम कशा बसवायच्या म्हणून विचारत होता. बोलता बोलता २०२०चा डिसेंबर आठवला. लॉकडाउनमुळे आम्ही भावंडं जिथल्या तिथे अडकलेलो, कुणी नाशकात, कुणी दुबईत, कुणी स्टुटगार्टला. ॲपवरची लीग होतीच, पण आमची घरची एक एक्सेल शीटही होती. भाव आमचे, गुण आमचे. साखीरच्या शर्यतीआधी हॅमिल्टनला कोविड झाला आणि त्याच्या मर्सिडीजमध्ये विल्यम्सचा रसेल बसला. झालं, ग्रुपवर वाद पेटला: रसेलचा भाव विल्यम्सचा धरायचा की मर्सिडीजचा? दुबईच्या ताईने निकाल दिला, "भाव हंगामाच्या सुरुवातीला ठरलाय, आता तोच." मग काय, रसेल सगळ्यांनीच उचलला. पेरेझ फक्त धाकट्या मामेबहिणीकडे, आणि तो पहिल्याच फेरीत ढकलला जाऊन सगळ्यात मागे गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मर्सिडीजने टायरचा घोळ घातला, मग रसेलचं पंक्चर, नववा आला. पेरेझ जिंकला! मध्यरात्र उलटली होती आणि ती एकटी ग्रुपवर व्हॉइस नोटवर व्हॉइस नोट टाकत होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पुढच्या दोन गाड्या सगळ्यांकडेच असतात, त्यांच्यावर लीग जिंकता येत नाही. लीग ठरते ती मागच्या रांगेतल्या स्वस्त ड्रायव्हरवर. तुमचे अनुभव लिहा. गुणांचं गणित, चिप (मोजक्या वेळाच वापरता येणाऱ्या खास सवलती), भांडणं, सगळं चालेल.

पावसाळी_टायर
ब्राझील २०२४!! अजून अंगावर काटा येतो. व्हर्स्टॅपन सतरावा सुटला आणि जिंकला. हिशोब करा: पहिल्या नंबरचे २५, सोळा जागा वर आला त्याचे १६, प्रत्येक ओव्हरटेकचा एकेक वेगळा, फास्टेस्ट लॅपचे १०. माझा बूस्ट त्याच्यावर, म्हणजे सगळं दुप्पट. शिवाय स्वस्तातला म्हणून गॅसली ठेवला होता, तो तेरावरून तिसरा. ओकॉन दुसरा. दोघांची टीम अल्पीन, ती ज्याच्याकडे होती त्याची त्या रात्री दिवाळी.

कोथरूडची_वैनी
आमच्याकडे त्याच दिवशी साइन्झ आणि कोलापिंटो. दोघंही भिंतीत. डीएनएफ, म्हणजे शर्यत अर्धवट राहिली की वजा २०, दोघांचे वजा ४०. आणि स्प्रिंट वीकेंड (शनिवारी एक छोटी जादा शर्यत), त्यामुळे टीम शनिवारी स्प्रिंटच्या आधीच लॉक. पावसाने क्वालिफाइंग (सुटण्याचा क्रम ठरवणारी फेरी) रविवारवर गेलं, आभाळ दिसतंय, सगळं कळतंय, पण टीमला हात लावता येत नाही. जीव नुसता तळमळत होता. थांबा, कुकरची शिट्टी झाली, येते

पावसाळी_टायर
वैनी, खरंच वाईट वाटलं वाचून. त्या शर्यतीत कुणाचा काय भरवसा होता. आल्बन तर क्वालिफाइंगमधल्या अपघातामुळे सुरूच करू शकला नाही, स्ट्रोल फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे शर्यत सुटण्याआधीच्या फेरीतच रुतला.

दोन_पॉइंट_दोन
भाच्याला सांगा, टीम निवडताना पिटस्टॉप बघ. ड्रायव्हरवर सगळे डोकं लावतात, टीमकडे कुणी बघत नाही. मी खेळतो त्या नियमांत टायर बदलायला २ सेकंदांच्या आत लागले तर २० गुण, २.१९ पर्यंत १०, २.४९ पर्यंत ५, तीनच्या आत असेल तर २. त्या शर्यतीतला सर्वांत जलद स्टॉप असेल तर वर आणखी ५. म्हणजे एक नट नीट बसला नाही, गाडी अर्धा सेकंद जास्त थांबली, की दहाचे दोन होतात. टीव्हीवर ते अर्धा सेकंद दिसतही नाही. मॅक्लारेनने कतार २०२३ला नॉरिसची गाडी १.८० सेकंदांत सोडली, विश्वविक्रम. मी तो स्टॉप हळू करून करून बघितलाय. पुढच्या जॅकवाला गाडी खाली सोडून बाजूला होतो ना, तेवढ्यात चारही चाकं झालेली असतात. काय माणसं आहेत ती!
दोन्ही गाड्या क्यू-थ्रीत, म्हणजे क्वालिफाइंगच्या शेवटच्या टप्प्यात गेल्या तर टीमला १० वेगळे. हे धरून हिशोब केला तर मधल्या फळीतली टीमसुद्धा परवडते.

घाटावरचा
पिटस्टॉपवरून आठवलं. आमचे आजोबा मंचरकडचे, सगळा जन्म बैलगाडा शर्यतीच्या घाटात गेला. बंदी होती तेव्हा फार खचले होते. २०२१च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा गावात पेढे वाटले त्यांनी. मी एफ-वन बघत असलो की शेजारी येऊन बसतात. शर्यत कोण जिंकलं यात त्यांना रस नाही, पिटस्टॉपचा आकडा आला की चष्मा लावून विचारतात, "किती सेकंदात बसली?" बारीचा हिशोब सेकंदाच्या अंशात करणारा माणूस तो. फॅन्टसीतली टीम मी त्यांना विचारूनच घेतो. अवांतर झालं, पण लिहावंसं वाटलं.

शेवटची_रांग
@घाटावरचा अजिबात अवांतर नाही. आजोबांना नमस्कार सांगा.

यारा_काठी
मेलबर्नहून लिहितेय. २०२४ला आम्ही आल्बर्ट पार्कला प्रत्यक्ष होतो. व्हर्स्टॅपन पोलवर (सर्वांत पुढून सुटणारा), म्हणजे माझ्या नवऱ्याचा बूस्ट अर्थातच त्याच्यावर. सुरुवातीच्या फेऱ्यांतच मागचं उजवं चाक धुरात, ब्रेक पेटला, गाडी पिटमध्ये, खेळ खलास. वजा २० आणि वर बूस्ट. शर्यत जिंकला साइन्झ, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दोनच आठवडे झालेले! गाडीतून उतरताना तो किती सावकाश हलत होता ते विसरणार नाही. माझ्याकडे नो निगेटिव्ह चिप लावलेली होती, त्यामुळे माझ्या व्हर्स्टॅपनचे वजा गुण धरलेच गेले नाहीत. नवरा संध्याकाळपर्यंत गप्प, मग मीच त्याला साबुदाण्याची खिचडी करून घातली.

गोयकार
खिचडीला तिथे साबुदाणा मिळतो का चांगला?

यारा_काठी
@गोयकार मिळतो, इंडियन दुकानात. भिजवताना पाणी कमी लागतं फक्त.

मोनॅको_शनिवार
शेवटची_रांग, तुमचं मत मोनॅकोत चालत नाही हो. २०२४ला तिथे पहिले दहा जण जिथून सुटले तिथेच संपले, दहाच्या दहा! जागा वर येण्याचे गुण शून्य. मागच्या रांगेतला स्वस्त ड्रायव्हर तिथे घेणं म्हणजे डीएनएफला आमंत्रण. पेरेझ आणि हास टीमच्या दोन्ही गाड्या पहिल्याच फेरीत बाहेर गेले की नाही? तिथे गुण शनिवारी मिळतात, पोलचे १०, दुसऱ्याला ९, दहाव्याला १. क्वालिफाइंगवाला ड्रायव्हर घ्या आणि निवांत झोपा.

शेवटची_रांग
मोनॅको मान्य, शंभर टक्के. पण मग लास व्हेगास २०२५ बघा. अँटोनेली सतरावा सुटला आणि तिसरा धरला गेला. सर्किट बघून निवडायचं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, ओव्हरटेकला जागा असेल तिथे मागची रांग.

दुपारचा_चहा
लास व्हेगासचं नाव काढलंत! रविवारी सकाळी साडेनऊची शर्यत, जेवणं उरकली, लीगमध्ये मी पहिला. नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा, दोघंही माझे. दुपारी चहा घेताना बातमी, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद, तळाची फळी ९ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजलेली. ऑफिसच्या लीगमध्ये पहिल्यावरून थेट खाली. बायको म्हणाली, "अरे, दिवाळीत तुला पहिलं बक्षीस मिळालं होतं, ते तरी घरातच आहे ना." बरं वाटलं.

पावसाळी_टायर
"९ पेक्षा जास्त झिजलेली" नाही, ९ पेक्षा कमी जाडीची उरलेली. बाकी सांत्वन.

दुपारचा_चहा
हो हो, तेच. फोनवरून लिहितोय, धन्यवाद

सिल्व्हरस्टोनची_आई
हुल्केनबर्ग, सिल्व्हरस्टोन २०२५. बास. एकोणिसावा सुटला, तिसरा आला. २३९व्या शर्यतीत पहिला पोडियम. माझा लेक दहावीत, त्याने "आई, हा सगळ्यात गरीब आहे, याला घेऊ" म्हणून सॉबरचा तो ड्रायव्हर घेतलेला, पैसे उरतात म्हणून. पाऊस पडला, एकेक जण घसरत गेला, आणि हा माणूस शांतपणे वर येत गेला. मागून हॅमिल्टन, तेही घरच्या मैदानावर, तरी दाबला नाही. शेवटच्या फेऱ्यांत आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. गुण किती मिळाले ते लेकाने नंतर मोजले, मला त्या वेळी काहीच सुचत नव्हतं.

कोथरूडची_वैनी
आले परत. सिल्व्हरस्टोनची आई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेकाला दहावीसाठी शुभेच्छा!

भाव_वधारला
स्वस्त ड्रायव्हरचा दुसरा फायदा कुणी लिहिला नाही. भाव वाढतो. चांगला खेळला की शर्यतीगणिक त्याची किंमत चढते, म्हणजे तुमचं बजेटही १० कोटींच्या वर जातं. मी पहिल्या काही शर्यती गुणांकडे फारसं बघतच नाही, वधारणारे ड्रायव्हर गोळा करतो. ग्रुपात खालच्या नंबरवर असतो तेव्हा लोक विचारतात काय झालं म्हणून. उन्हाळी सुट्टीनंतर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच दोन महागडे ड्रायव्हर आणि महागडी टीम एकत्र परवडते. बजेटची मर्यादा काढणारी लिमिटलेस चिप मात्र स्प्रिंट वीकेंडला लावा, गुण मिळवायला एक शर्यत जास्त असते. पुढच्या शर्यतीला जुनी टीम आपोआप परत येते.

गोयकार
मोटोजीपीची (बाइकच्या शर्यतींची) फॅन्टसी खेळणारं कुणी आहे का? २०२३ला बुद्ध सर्किटला बेझेकी जिंकला तेव्हा मी तिथे होतो. आवाज म्हणजे काय सांगू. पणजीला परतल्यावरही कानात तोच.

घाटावरचा
@गोयकार मी आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नवखी_पुणे
सगळं वाचलं, खेळायचंय. एक शंका, क्वालिफाइंगमध्ये माझा ड्रायव्हर ठोकला तर रविवारच्या आधी बदलता येतो का?

भाव_वधारला
एरवी नाही. फायनल फिक्स चिप असेल तर एक बदल करता येतो, आणि ती हंगामात एकदाच. जपून ठेवा, पावसाच्या वीकेंडला लागेल. लीगचा कोड व्यनि केलाय, शनिवारी क्वालिफाइंग सुरू होण्याआधी टीम लावा.