पिछवाई खरी हाताची आहे की प्रिंट, कसं ओळखायचं?

ठाण्याची_मेघना
नमस्कार मंडळी. नवीन घराच्या हॉलसाठी एक पिछवाई, म्हणजे देवामागे टांगायचं रंगवलेलं कापड, बघून ठेवलीय, साधारण चार फूट बाय तीन, गडद निळ्या रंगावर गायी आणि खाली कमळं. विकणारा म्हणतो राजस्थानातल्या नाथद्वाराची आहे, शंभर टक्के हातकाम, सोनं पण खरं. किंमत ऐकून नवरा गप्पच बसला. पैसे भरायच्या आधी काय काय तपासू? आणि दुसरं म्हणजे यात कृष्ण कुठेच नाहीये, नुसत्याच गायी, सासूबाई म्हणतात देवाचं वस्त्र सोफ्यामागे लावायचं नसतं. मला खरंच कळत नाहीये, सांगा ना कोणीतरी.

रंगवाला_सदाशिव
मेघनाताई, आधी मोबाईलने अगदी जवळून फोटो काढा आणि झूम करा. प्रिंट असेल तर रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, हाताच्या कामात कुंचल्याची रेघ दिसते, सुरुवातीला बारीक मध्ये जाड आणि शेवटी परत बारीक. मग दोन गायी शेजारी शेजारी ठेवून बघा. नाथद्वारात खाका वापरतात, म्हणजे टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड फिरवून आकृती उतरवायची, त्यामुळे गायींचा आकार सारखा असू शकतो, त्यावरून प्रिंट म्हणू नका. पण डोळे, कान, पाठीवरचे हाताचे ठसे हे प्रत्येकीचे थोडे वेगळे हवेत. डोळासुद्धा तंतोतंत तोच असेल तर काम मशीनचं. हल्ली एक तिसरा प्रकारही आहे, खाली प्रिंट आणि वरून थोडं सोनेरी हाताने, तिथे लोक हमखास फसतात, म्हणून सोनेरी भाग सोडून बाकीचं नीट बघा.

रंग कुठले विचारा. जुन्या पद्धतीत कापडाला खळ देऊन अकीक दगडाने घोटतात आणि हिंगूळ, गेरू, नीळ, काजळ, हरताळ असे रंग डिंकात कालवतात. हरताळ म्हणजे आपण हरताळ फासणे म्हणतो ना तोच पिवळा, पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला लावायचे. आज बरेच चित्रकार पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक वापरतात, त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला नैसर्गिक रंगाचे पैसे देऊ नका.

भुलेश्वरची_मुलगी
मी गुजराती, वैष्णव घरातली, लहानपणापासून हवेलीत, म्हणजे आमच्या कृष्णमंदिरात, जाते म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पिछवाई म्हणजे मागे टांगायचं वस्त्र. श्रीनाथजी, म्हणजे कृष्णच, पुढे उभे असतात, डावा हात वर, गोवर्धन उचललेला, म्हणून मागच्या कापडावर ते असायलाच हवेत असं नाही. गोपाष्टमीला गायींची, शरद पौर्णिमेला रासाची, उन्हाळ्यात कमळांची, देवाला गारवा वाटावा म्हणून. आमच्याकडे देव म्हणजे घरातलं लहान मूल, त्याला ऋतूप्रमाणे कपडे, खाणं, खेळ, आणि दिवसातून आठ वेळा दर्शन. तुमच्या चित्रातल्या गायी तोंड वर करून कुणाकडे तरी बघत असतील, तो पुढे उभा आहे असं समजून काढलंय ते. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर त्यापुढे छोटासा बाळकृष्ण ठेवा, मला तरी सोफ्यापेक्षा ते जास्त आवडेल.

जुनी_पानं
थोडं अवांतर पण आपल्याशी संबंधित. श्रीनाथजींची मूर्ती ब्रजातून, म्हणजे मथुरेकडच्या भागातून, निघाली १६६९ मध्ये, मेवाडात सिहाड गावी १६७२ ला स्थापना झाली, तेच आजचं नाथद्वारा. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची फौज तिकडे आली तेव्हा मूर्ती उदयपूरला आणि मग घसियारला हलवावी लागली, काही वर्षांनी परत आणली. आपल्या इतिहासात हे आपण फार बोलत नाही, बोलायला हवं. आणि पिछवाई फक्त नाथद्वाराचीच असते असंही नाही, दख्खनमध्येही बनायच्या, गडद कापडावर सोन्याचांदीचा वर्ख आणि कदंबाखाली गोपी. जगातल्या मोठ्या म्युझियममध्ये त्या आहेत, पण त्या औरंगाबादला बनल्या की हैदराबादला यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

नाथद्वाराच्या पिछवाईला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण त्याने तुमच्या हातातला तुकडा खरा ठरत नाही, चित्रकाराचं नाव विचाराच.

रंगवाला_सदाशिव
आणि एक राहिलं, घेतलीत तर धुवायची नाही, ड्रायक्लीन पण नाही, डिंकाचे रंग पाण्याने सुटतात. उन्हाच्या भिंतीवर नको. पावसाळ्यात ठाण्याच्या ओलीला फ्रेमची काच कापडाला टेकू देऊ नका, बुरशी धरते. काढून ठेवायची झाली तर घडी न घालता गुंडाळा, घडीवर रंग तडकतो.

ठाण्याची_मेघना
सगळ्यांचे खूप आभार. आज परत जाऊन झूम करून बघितलं. गायींमध्ये ठिपके, फक्त शिंगांवर आणि कमळांच्या कडेला हाताचं सोनेरी. चित्रकाराचं नाव विचारलं तर सांगता आलं नाही. नाही घेतली. दिवाळीनंतर उदयपूरला जाणार आहोत, नाथद्वारा तिथून पन्नासेक किलोमीटर, सासूबाई पण येतायत, म्हणाल्या आधी राजभोगाचं, म्हणजे दुपारच्या नैवेद्याचं, दर्शन मग चित्रकारांची गल्ली. भुलेश्वरताई, छोटी गायींची मिळाली तर बाळकृष्णामागेच लावणार.