मदत हवी आहे: अवकाशात यान खरंच लपवता येतं का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. यंदाच्या विज्ञान नाटिकेची गोष्ट मुलांनीच रचली आहे. परग्रहावरचं एक यान दिवे, इंजिन सगळं बंद करून पृथ्वीपाशी येतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही. तालमीत एका मुलीने विचारलं, "बाई, आत माणसं जिवंत आहेत ना? मग यान गरम असणार. ते दिसणार नाही का?" प्रश्न मला फार आवडला. रंगमंचावर जाईल ते खरं असावं असं मनापासून वाटतं, म्हणून इथे विचारते आहे.

आमची मजल कुठवर गेली ते सांगते. फळ्यावर हिशेब मांडला. यानाचं बाहेरचं आवरण 27 अंश सेल्सिअस, म्हणजे 300 केल्विनला असेल, तर त्याच्या दर चौरस मीटरमधून जास्तीत जास्त 460 वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. मागचं आकाश 2.7 केल्विनचं. शिवाय ही उष्णता मुख्यतः 10 मायक्रोमीटरच्या आसपास निघते, अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बिणीला हवी तिथेच. नासाची निओवाइज दुर्बीण लघुग्रह असेच, त्यांच्या उष्णतेवरून हुडकायची. बरं, उष्णता आतच कोंडावी तर माणसं भाजून निघतील. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालासुद्धा नळ्यांतून अमोनिया फिरवून ती बाहेरच्या मोठमोठ्या पॅनेलवाटे टाकून द्यावी लागते.

गप्प बसूनही सुटका दिसत नाही. चांद्रयान-1 चा संपर्क ऑगस्ट 2009 मध्ये तुटला. जेमतेम दीड मीटरचं यान. 2016 मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या 70 मीटर अँटेनाने चंद्राकडे रडारलहरी सोडल्या, परतलेल्या लहरी ग्रीन बँकच्या दुर्बिणीने टिपल्या, आणि ते चंद्राभोवती फिरताना सापडलं! आणि यान बोललं तर विचारूच नका. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेल्ली या युरोपीय यानाचा क्षीण संदेश पुण्याजवळ बसून ऐकला होता.

पण मग रशियातलं चेल्याबिन्स्क? 15 फेब्रुवारी 2013 ला सुमारे 20 मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला आणि फुटेपर्यंत कुणाला कळलं नाही. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यान सूर्याच्या बाजूने आलं तर चालेल का? आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीसारखी सावली धरून पृथ्वीकडची बाजू थंड ठेवता येईल का? वेबच्या पाच थरांच्या पडद्याची एक बाजू सुमारे 85 अंशांवर असते आणि पलीकडे उणे 230 च्याही खाली, असं वाचलं आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला शाबासकी सांगा. पडद्याची कल्पना बरोबर आहे, पण उष्णता नाहीशी होत नाही, फक्त दुसरीकडे वळते. म्हणजे एका बाजूच्या दुर्बिणींपासूनच लपता येतं. दुर्बिणी निरनिराळ्या ठिकाणी असल्या की एखादी गरम बाजू बघणारच. सूर्याची बाजू आज खरोखर आंधळी आहे. आदित्य-एल1 तिकडे आहे, पण त्याची उपकरणं सूर्याच्या अभ्यासाला जुंपलेली आहेत. हीच उणीव भरायला नासाची निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण एल1 बिंदूपाशीच, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या त्याच जागी, ठेवायचं ठरलं आहे.

खरी अडचण थांबण्याची. पृथ्वीपाशी वेग कमी करायचा तर इंजिनाचा झोत पुढे, पृथ्वीच्याच दिशेने सोडावा लागतो. तिथे कुठला पडदा धरणार?

प्रतिसाद २

लपण्यापेक्षा दगड म्हणून मिरवणं सोपं. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर साधे दगडही उन्हाने तापलेले असतात, त्यामुळे नुसत्या उबेवरून ओळख पटत नाही. 2018 मध्ये अवकाशात सोडलेली टेस्लाची मोटार जानेवारी 2025 मध्ये नवा लघुग्रह म्हणून नोंदली गेली आणि लगेच नोंद मागे घ्यावी लागली. उलट 2020 एसओ ही वस्तू सूर्यप्रकाशाच्या दाबाने दगड ढकलला जाईल त्याहून जास्त ढकलली जात होती. पोकळ आणि हलकी! तो 1966 चा सेंटॉर रॉकेटचा टप्पा निघाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुलांना आज वाचून दाखवलं. आता यान दगड म्हणून येतं, वेधशाळेतली मुलगी त्याचा मार्ग मोजते आणि म्हणते, "हा दगड फार हलका आहे." झोताचा प्रसंग मात्र त्यांनी शेवटासाठी राखून ठेवला आहे.

अजून एक मदत हवी. मार्ग मोजणारी माणसं प्रत्यक्षात पडद्यावर काय बघतात, आकडे की फोटो? नेपथ्य पुठ्ठ्याचं असलं तरी ते बरोबर दिसायला हवं. कुणी असं काम जवळून पाहिलं असेल तर कृपया लिहा.