मदत हवी आहे: बटणांचा की-बोर्ड असलेला स्मार्टफोन कुठला घेऊ?

न्हावाशेवा_एक
नमस्कार मंडळी. बटणांचा की-बोर्ड असलेला स्मार्टफोन हवा आहे, कामासाठी. होता तो गेला. टचवर दोन आठवडे प्रयत्न करून झाला, जमत नाही. दुकानात विचारलं की पोरं हजार-दीड हजाराचा साधा बटणवाला फोन पुढे करतात. मला व्हॉट्सॲप, मेल, बँकेचं ॲप सगळं चालायला हवं. कुठला घेऊ, कुठून घेऊ? लवकर सांगा, काम अडलंय.

रानवारा
बजेट किती? नवाच हवा की वापरलेला चालेल? सिम कुठलं? आधीचा फोन कुठला होता? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कशावरून?

खटपट्या
ब्लॅकबेरी की-टू घ्या, डोळे झाकून. त्या की-बोर्डला आजही तोड नाही. स्पेसबारमध्येच फिंगरप्रिंट, बटणांवरून बोट फिरवलं की पान सरकतं. मी २०१८ पासून वापरतोय.

सोनचाफा
ब्लॅकबेरी ४ जानेवारी २०२२ ला बंद पडले ना सगळे? बंद पडलेला फोन कशाला घ्यायला सांगताय?

खटपट्या
सगळे नाही हो. त्या दिवशी बंद झाल्या त्या ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या ओएसवर चालणाऱ्या फोनांच्या सेवा. की-वन, की-टू अँड्रॉइडवर चालतात, त्यांना त्याचा काही फरक पडला नाही. माझा समोर टेबलावर चालू आहे.

रानवारा
चालू आहे हे खरं, पण अर्धंच खरं. हे फोन बनवणाऱ्या टीसीएल कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये विक्री थांबवली आणि की-टू अँड्रॉइड ८.१ वरच राहिला. सुरक्षेचे अपडेट कधीच थांबलेत. ज्याला बँकेचं ॲप चालवायचंय त्याला आज हा फोन घ्यायला सांगणं मला पटत नाही.

न्हावाशेवा_एक
अहो माझा की-टूच होता! मागच्या महिन्यात ट्रेलरवरून उतरताना हातातून निसटून डबक्यात पडला. बँकेचं ॲप त्यावर आधीच बंद झालं होतं, त्यासाठी घरचा दुसरा फोन ठेवला होता. दोन फोन सांभाळून कंटाळलो. बजेट चाळीसपर्यंत. नवाच हवा.

इंद्रायणीकाठ
मी काही वर्षं नोकिया ई-७१ वापरला. २००८ चा फोन, स्टीलची पाठ, काय सुरेख वजन होतं हातात! लोकलमध्ये एका हाताने उभ्याउभ्या मेल लिहायचो. अजून कपाटात आहे, बॅटरी तेवढी बदलायला हवी.

रानवारा
त्यावर आज व्हॉट्सॲप चालत नाही. धागाकर्त्यांना आजचा फोन हवाय.

मोकळा_श्वास
मी म्हणेन, फोनच कमी करा. मी रात्री आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, सकाळपर्यंत बघत नाही. तीन महिन्यांत डोकेदुखी गेली. करून बघा, खरंच फरक पडतो.

सोनचाफा
बोलून टाईप करा की! मराठीसुद्धा छान उमटतं आता. मी आईची औषधांची यादीसुद्धा बोलूनच करते.

न्हावाशेवा_एक
ट्रेलरच्या रांगेत इंजिनं चालू असताना बोलून काही उमटत नाही, ताई. आणि मला वाक्यं लिहायचीच नाहीत.

सोनचाफा
मग लिहायचं काय असतं? तेच तर सांगत नाही आहात तुम्ही.

न्हावाशेवा_एक
कंटेनर नंबर. मी कस्टम ब्रोकरकडे फील्डवर आहे, उरण भागातली सीएफएस, म्हणजे कंटेनरची गोदामं, आणि पोर्टचे गेट. दिवसाला चाळीस-पन्नास नंबर ऑफिसला पाठवतो, त्यावरून ते फॉर्म १३, म्हणजे कंटेनर पोर्टच्या गेटमधून आत न्यायचा कागद, भरतात. चार अक्षरं आणि सात आकडे. एक आकडा चुकला की ट्रेलर गेटवर अडकला, मागे रांग, ड्रायव्हर उपाशी, पार्टीचे फोन माझ्यावर.

की-टूवर मी नंबर वाचत वाचत, खाली न बघता टाकायचो. चार अक्षरं, मग ऑल्ट दोनदा दाबला की आकडे लॉक. डब्ल्यू-ई-आर म्हणजे १-२-३, त्याखाली ४-५-६, त्याखाली ७-८-९. ओळींमधल्या धातूच्या पट्ट्या अंगठ्याला लागायच्या, त्यामुळे आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कळायचं. डोळे कंटेनरच्या दारावर, अंगठा बटणावर. टचवर मान सारखी वर-खाली, आणि पावसात काचेवर थेंब पडला की तोच काहीतरी टाईप करतो. गेल्या गुरुवारी यूच्या जागी आय गेला.

रानवारा
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर!

खटपट्या
+१. आणि हे वाचून कळलं ना, बटणं लागतात म्हणजे लागतातच.

मळवाट
फोटो काढून त्यातून अक्षरं उचलता येतात, गूगल लेन्सने. टाईप करायचंच कशाला?

न्हावाशेवा_एक
वापरून झालं. पत्रा नालीदार, नंबर कधी आडवा, कधी उभा, वर गंज. दुपारी झळाळी मारते, रात्री टॉर्च मारला की मधला भाग पांढरा होतो. बीचा ८ होतो. तपासायला पुन्हा डोळेच लागतात.

दर्यावर्दी
मी जहाजावर होतो, म्हणून फोनबद्दल नाही, नंबरबद्दल लिहितो. शेवटचा, चौकटीतला आकडा चेक डिजिट असतो, म्हणजे बाकीचा नंबर बरोबर आहे का ते तपासायचा आकडा. अक्षरांना किंमत द्यायची: ए म्हणजे १०, पुढे चढत जायचं, फक्त ११, २२, ३३ वगळायचे. पहिल्या दहा जागांना १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं. बाकी उरते तोच आकडा. १० उरले तर ०. उदाहरणाला नेहमी दिला जाणारा नंबर घ्या, सीएसक्यूयू ३०५४३८. बेरीज ६१८५, बाकी ३, आणि चौकटीत ३ च असतो. ऑफिसच्या एक्सेल शीटमध्ये हे सूत्र एकदा बसवून घ्या. तुमचा यूचा आय झालेला नंबर फॉर्म भरायच्या आधीच लाल दिसेल.

न्हावाशेवा_एक
हे माहीत होतं, पण शीटमध्ये टाकायचं आजवर कोणालाच सुचलं नाही. आजच सांगतो. मनापासून आभार. पण फोन?

दुबईकर_देशपांडे
युनिहर्ट्झ टायटन २ बघा. २०२५ मध्ये आला. अँड्रॉइड १५, पाच-जी, साडेचार इंचाची चौकोनी स्क्रीन, १२ जीबी रॅम, ५०५० ची बॅटरी. मी इथे वापरतो. वजन मात्र २३५ ग्रॅम, तुमचा की-टू १६८ चा होता. शर्टच्या खिशात ठेवलात तर खिसा लोंबतो. आणि बटणांची मांडणी की-टूसारखी नाही, हाताला पुन्हा सवय लावावी लागेल.

खटपट्या
तोच तर मुद्दा. त्यांची बोटं की-टूवर बसलेली आहेत. दुसरा की-टूच घ्यावा आणि बँकेसाठी घरचा फोन आहेच.

रानवारा
आणि तोही पडला की तिसरा? दर वर्षी मिळणं अवघड होत जाणार. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ‘नव्यासारखा’ म्हणून पाठवलेल्या की-टूची स्क्रीन एका कोपऱ्यात उचललेली होती. वापरलेला घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, घ्या आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

आणि सिमचं अजून सांगितलेलं नाही!

न्हावाशेवा_एक
जिओ. ऑफिसचं आहे, बदलता येणार नाही. दुसरं एअरटेल, घरचं.

रानवारा
मग थांबा. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच, कॉल व्होल्टीवरच, म्हणजे फोर-जी नेटवर्कवरूनच, जातो. बाहेरून आणलेल्या फोनमध्ये व्होल्टी नीट चालत नसेल तर नेट धो-धो पळेल आणि कॉल लागणार नाही. व्हॉट्सॲप चाललं म्हणजे फोन चालला असं समजू नका. टायटनची भारतात अधिकृत विक्री नाही, बिघडला तर दुरुस्ती तुमची तुम्हाला. वर कस्टम ड्यूटी. चाळीस हजार घालायच्या आधी तुमचंच सिम घालून, कॉल लावून बघायला मिळालं पाहिजे.

दुबईकर_देशपांडे
हे बरोबर आहे. माझ्याकडे इथलं सिम आहे, जिओचं मी खात्रीने सांगू शकत नाही. जिओ रोमिंगवर टाकून बघितलं तरी त्यावरून तिथलं कळणार नाही.

सोनचाफा
माझ्या भाचीने आयफोनला बटणांचं कव्हर लावलंय, क्लिक्स नावाचं. फोन नेहमीचा, त्यामुळे सिमचा प्रश्नच नाही.

मळवाट
चाळीसमध्ये आयफोन आणि वर कव्हर? नाही बसत हो. शिवाय लांबी वाढते, हातातून पुन्हा निसटेल.

पनवेल_स्टँड
उशिरा वाचला धागा. माझ्याकडे टायटन २ आहे, बहिणीने अमेरिकेहून आणला. मी एअरटेल वापरतो, त्यावर कॉल लागतात. जिओ कधी घालून बघितलं नाही. तुम्ही उरणला म्हणजे जवळच आहात. रविवारी या, तुमचं सिम घाला, दोन कॉल लावा, दहा-वीस कंटेनर नंबर टाकून बघा. अंगठ्याला पटतो का तेही कळेल.

न्हावाशेवा_एक
रविवारी दुपारपर्यंत ड्यूटी आहे. चारला आलो तर चालेल? नंबरांची कालची यादी कागदावर घेऊन येतो.

पनवेल_स्टँड
चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. सिम काढायची पिन घेऊन या, माझी हरवली आहे.

रानवारा
कॉल येतो का तेही बघा, नुसता जातो का एवढंच नको. आणि इथे येऊन लिहा.